नऊ एकांचा वर्ग : १२३४५६७८९८७६५४३२१

१ पासून ९ पर्यंत चढायचं आणि पुन्हा १ पर्यंत उतरायचं. अशी लिहिलेली सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ चा, ओळीने मांडलेल्या नऊ एकांचा, वर्ग. व्हॉट्सॲपवर ‘गणिताची जादू’ म्हणून जो मनोरा फिरत असतो (११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, आणि असंच पुढे) त्याची ही शेवटची पायरी. दहावी पायरी त्यात कधी दिलेली नसते, आणि ती का नाही हेही कुणी सांगत नाही. खरं तर या संख्येचं सगळं कागद-पेन्सिलीने उलगडता येतं. ती अशी का दिसते हे एका वजाबाकीत कळतं, तिचे मूळ अवयव हाताने काढता येतात, आणि तीच संख्या संगणकाला दिली की नेहमीच्या वापरातले प्रोग्राम तिच्यापाशी चुकतात.

आधी वाचायची कशी ते पाहू. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. मोठ्याने वाचताना १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटी दोनदा म्हणावं लागतं, कारण त्यापुढची नावं आपल्या रोजच्या बोलण्यात उरलेली नाहीत. ती आहेत मात्र. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त एकम् पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्या यादीप्रमाणे आपल्या संख्येतला पहिला १ ‘मध्य’ या सतराव्या स्थानावर बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

या जातीच्या संख्यांना नाव मिळालं ते महाराष्ट्रातच. डहाणूला १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर ही कल्पना त्यांना सुचली, म्हणून ते नाव. ६१७४ या ‘काप्रेकर स्थिरांका’मुळे (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी जो येतो तो) काप्रेकर सगळ्यांना माहीत आहेत. डेम्लो संख्या मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिल्या, आणि माझ्या मते त्यांच्यात शिकण्यासारखं ६१७४ पेक्षा जास्त आहे, कारण इथे ‘असं का’ याचं उत्तर शाळकरी गणितात पूर्ण देता येतं.

काप्रेकरांची कल्पना निव्वळ एकांच्या वर्गापुरती नव्हती. संख्येचे तीन भाग पाडायचे: डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक हवा, तो कितीही वेळा आलेला चालेल. डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज केली की त्याच अंकाची रांग मिळाली पाहिजे. १२३४५४३२१ घ्या. मधला ५ बाजूला ठेवला तर १२३४ + ४३२१ = ५५५५. आपल्या संख्येत मधला अंक ९ आहे, आणि १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९.

हातचा नाही, म्हणून आकृती टिकते

१११११११११ ला १११११११११ ने शाळेतल्या पद्धतीने गुणा. खाली नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या रकान्यांची बेरीज करा. अगदी उजवीकडच्या रकान्यात फक्त पहिल्या ओळीचा १ आहे. दुसऱ्यात दोन ओळींचे दोन एक, तिसऱ्यात तीन. नवव्या रकान्यात सगळ्या नऊ ओळी हजर असतात. दहाव्यापासून वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून ८, ७, ६ असं उतरत सतराव्या रकान्यात पुन्हा १. एकाही रकान्याची बेरीज ९ च्या पुढे गेली नाही, त्यामुळे हातचा कुठेच आला नाही आणि रकान्यांची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरली.

दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात. तिथे ० लिहून हातचा १. त्याच्या डावीकडच्या रकान्यात ९ होते, हातच्यासह पुन्हा १०, म्हणजे आणखी एक ० आणि हातचा १. पुढच्या रकान्यातल्या ८ चे ९ झाले आणि तिथे हातचा थांबला. त्यापुढे ७, ६, ५ निमूटपणे आपापल्या जागी. उत्तर असं येतं:

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

उजवी उतरण शाबूत आहे, डावीकडे मात्र ७ नंतर थेट ९ आला, ८ गायब झाला आणि मध्ये दोन शून्यं घुसली. मनोऱ्याची दहावी पायरी न छापण्याचं कारण एवढंच.

ही नऊची मर्यादा दशमान पद्धतीमुळे आहे. अष्टमान पद्धतीत, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून, ती सातवर येते: सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१. दशमानात हा तेरा अंकी आकडा वाचू नका. अष्टमानातले सात एक म्हणजे आपल्या नेहमीच्या लिखाणात २९९५९३, आणि वर्ग त्या संख्येचा आहे. नियम सरळ आहे: पद्धतीचा पाया जेवढा, त्याहून एक कमी इतक्या एकांपर्यंत मनोरा चढतो.

आठ नसलेली संख्या

आता खरी किल्ली. १११११११११ ला ९ ने भागा. अंकांची बेरीज ९ असल्यामुळे नि:शेष भाग जातो आणि भागाकार येतो १२३४५६७९. इथेही ८ नाही! ज्यांना पाढ्यांची हौस आहे त्यांनी हिला ९, १८, २७ ने गुणून पाहिलेलं असेल: १११११११११, २२२२२२२२२, ३३३३३३३३३. आपल्याला ८१ ने गुणायचं आहे, म्हणजे ९९९९९९९९९.

नऊ एकांचा वर्ग म्हणजे (९ × १२३४५६७९) × (९ × १२३४५६७९). दोन्ही ९ एका बाजूला आणले की

१२३४५६७९ × ८१ × १२३४५६७९ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९

आणि ९९९९९९९९९ म्हणजे १ अब्ज वजा १. म्हणून

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

ही वजाबाकी एकदा हाताने करून बघाच. शेवटच्या नऊ शून्यांसाठी डावीकडून १ उसना घ्यावा लागतो, त्यामुळे डावीकडचे १२३४५६७९ चे १२३४५६७८ होतात आणि ‘हरवलेला’ ८ परत येतो. उजवीकडे राहतात १ अब्ज वजा १२३४५६७९, म्हणजेच ९८७६५४३२१. चढण आणि उतरण एकमेकांना पूरक का असतात हे इथे स्पष्ट दिसतं: उतरणीतला प्रत्येक अंक या वजाबाकीतूनच जन्माला आलाय. आठ आणि नऊ अंकांचे दोन तुकडे केले तर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९, बरोबर नऊ नऊ.

काप्रेकरांचं नाव ज्यांना दिलं गेलं त्या ‘काप्रेकर संख्या’ इथून हाकेच्या अंतरावर आहेत. ७०३ चा वर्ग ४९४२०९. तुकडे ४९४ आणि २०९. बेरीज पुन्हा ७०३. आपल्या नऊ एकांच्या वर्गाचे तुकडे जोडले की १११११११११ येत नाही, त्याची नऊपट येते. म्हणून १११११११११ ही काप्रेकर संख्या नाही. दोन्ही प्रकारांत यंत्रणा एकच: १ अब्जाला ९९९९९९९९९ ने भागलं की बाकी १ उरते, त्यामुळे वर्गाचे तुकडे जोडणं म्हणजे वर्गाला ९९९९९९९९९ ने भागून बाकी काढण्यासारखंच असतं. आपला वर्ग ९९९९९९९९९ च्या पटीत आहे हे वर दिसलंच, तेव्हा तुकड्यांची बेरीजही त्याच्या पटीत यायला हवी, आणि दोन तुकड्यांच्या आकारात फक्त एक पट मावते.

१२३४५६७९ मध्ये ८ का नाही, याचं उत्तर १/८१ या अपूर्णांकात आहे. त्याचं दशांश रूप ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं आवर्ती चालतं. ते बनतं ० , १, २, ३ अशा क्रमवार संख्या एकेका घरात मांडत गेल्याने. नवव्या घरात ८, दहाव्यात ९, अकराव्यात मात्र १०. त्या १० चा हातचा ९ ला १० करतो, त्याचा हातचा ८ ला ९ करतो. दहा एकांच्या वर्गात जे घडलं तेच इथेही, अगदी त्याच दोन घरांत.

मूळ अवयव

१११११११११ चे तीन-तीन एकांचे गट पाडले की १११ × १००१००१ दिसतं. नऊ ही संख्या ३ × ३ आहे म्हणून हे जमतं. एकांची संख्या भाज्य असली की ती एकांची रांगही भाज्य असते. (उलट मात्र खरं नाही: तीन एक म्हणजे १११, ते ३ × ३७ आहेत. निव्वळ एकांची मूळ संख्या २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांवर मिळते. त्यांच्या मधल्या कुठल्याच लांबीवर मिळत नाही.)

१११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७. एकत्र मांडलं की

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आणि वर्ग केला की प्रत्येक घात दुप्पट: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. ३७ × ३३३६६७ करून पाहिलंत तर आठ नसलेली १२३४५६७९ पुन्हा भेटेल.

३३३६६७ मूळ आहे हे मात्र सिद्ध करावं लागतं. त्याचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये आहे (५७७ चा वर्ग ३३२९२९). म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघणं आलं, आणि त्या १०६ आहेत. कागदावर हे कंटाळवाणं काम आहे, पण थोडा विचार केला तर बहुतेक भागाकार वाचतात.

समजा ‘प’ ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती ९९९९९९९९९ लाही भागते, म्हणून १/प चं आवर्ती दशांश रूप नऊ घरांनी पुन्हा तेच येतं. आवर्तनाची खरी लांबी ९ चा विभाजक असणार: १, ३ किंवा ९. लांबी १ असेल तर प फक्त ३. लांबी ३ असेल तर प ९९९ ला भागतो, आणि ९९९ = २७ × ३७, म्हणून प फक्त ३७. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तेव्हा ३ बाद. ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १, तेव्हा ३७ ही बाद. उरली लांबी ९. फर्माच्या छोट्या प्रमेयाप्रमाणे आवर्तनाची लांबी प − १ ला भागते, आणि प विषम आहे, म्हणून प − १ हा १८ च्या पटीत हवा.

१९, ३७, ५५, ७३ अशा १८-१८ च्या उड्या मारत ५७७ पर्यंत गेलं की वाटेत ३७ सोडून फक्त १६ मूळ संख्या लागतात. ३३३६६७ ला त्यांनी भागल्यावर उरणाऱ्या बाक्या अशा: १९ ला ८, ७३ ला ५७, १०९ ला १८, १२७ ला ३८, १६३ ला ६, १८१ ला ८४, १९९ ला १४३, २७१ ला ६६, ३०७ ला २६५, ३७९ ला १४७, ३९७ ला १८७, ४३३ ला २५७, ४८७ ला ७२, ५२३ ला ५१६, ५४१ ला ४११, ५७७ ला १६१. कुठेही शून्य नाही. ३३३६६७ मूळ आहे.

याच युक्तिवादातून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. जिच्या व्यस्ताचं आवर्तन बरोबर नऊ घरांचं आहे अशी ३३३६६७ ही एकमेव मूळ संख्या, कारण तशी दुसरी असती तर तीही ९९९९९९९९९ ची अवयव असती, आणि तिथे ३, ३७, ३३३६६७ यांच्याशिवाय कुणी नाही. आवर्तनही देखणं आहे: १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७… कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९.

अवयव हातात आले की

विभाजकांची संख्या लगेच निघते. ३ चा घात पाच तऱ्हांनी निवडता येतो (० ते ४), ३७ चा तीन, ३३३६६७ चा तीन. ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. पूर्ण वर्गाचे विभाजक नेहमी विषम संख्येत असतात, कारण जोड्या लावताना वर्गमूळ एकटं उरतं.

या ४५ जणांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. त्यातून ती संख्या स्वतः वजा केली तर उरतात ६६०८६००६०५१७३२५८, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडे जास्त. परिपूर्ण संख्येच्या (जिच्या स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते अशा) आसपासही ती नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी १ सोडून कोणताही सामाईक विभाजक नसलेल्या संख्या ८००७९८३९९१९९२०१६ आहेत. ही मोजणी ५४ × (३७ × ३६) × (३३३६६७ × ३३३६६६) अशी होते, आणि यातला शेवटचा कंस १११३३३३३३२२२ येतो.

मला सगळ्यात आवडणारा निष्कर्ष काटकोन त्रिकोणाचा आहे. ज्या मूळ संख्येला ४ ने भागून १ उरतो ती दोन वर्गांच्या बेरजेत मोडते. ३ उरतो ती मोडत नाही. आपल्या तीन अवयवांपैकी ३ आणि ३३३६६७ दुसऱ्या गटातले, ३७ पहिल्या गटातला. ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग. दोन्ही बाजूंना ९ × ३३३६६७ = ३००३००३ ने ताणलं की

१०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

कर्ण नऊ एकांचा, आणि बाजूंमध्येही अंकांची अशी लय! पहिल्या गटातला अवयव एकच, आणि १११११११११ मध्ये तो एकदाच, म्हणून पूर्णांक बाजूंचा असा त्रिकोणही एकच आहे. दुसरा शोधायला जाऊ नये.

विभाज्यतेच्या कसोट्या : कुठे चालतात, कुठे फसवतात

संख्येच्या अंकांची बेरीज ८१. त्यावरून ९ ने भाग जातो एवढंच म्हणता येतं. ‘बेरीज ८१ आहे म्हणून ८१ ने भाग जातो’ हा निष्कर्ष इथे योगायोगाने खरा ठरतो, पण कसोटी चुकीची आहे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे आणि २७ ने भागल्यावर ९ उरतात. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ वर संपते, त्यापुढे ताणू नये.

३७ साठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज करा: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. पुन्हा तेच: २ + ९९७ = ९९९. म्हणजे ९९९ ने, पर्यायाने २७ आणि ३७ या दोघांनीही, भाग जातो. ३७ च्या वर्गाने भाग जातो का हे ही कसोटी सांगत नाही. त्यासाठी एकदा भागून, आलेल्या भागाकारावर कसोटी पुन्हा लावावी लागते.

तेच गट एकाआड एक वजा-अधिक केले की ७, ११ आणि १३ एका दमात तपासून होतात, कारण १००१ = ७ × ११ × १३. उजवीकडून ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. ३०९ ला ७ ने भागून १, ११ ने भागून १, १३ ने भागून १० उरतात. तिघेही बाद. सुरुवात उजवीकडूनच करायची. डावीकडून केली तर गटांची संख्या सम असताना चिन्ह उलटं येतं. भाग जातो की नाही हे कळायला त्याने बिघडत नाही, पण बाकी चुकते.

यंत्रावर काय बिघडतं

दुकानातल्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर हा गुणाकार मावत नाही. तुकडे करा: १११११११११ = १११११११११ मधले पहिले सहा एक हजारपट, अधिक १११. मग १११११११११ चा वर्ग तीन भागांत येतो. ११११११ चा वर्ग १२३४५६५४३२१, दोघांच्या गुणाकाराची दुप्पट २४६६६६४२, आणि १११ चा वर्ग १२३२१. तिन्ही उत्तरं बारा अंकांच्या आत बसतात. पहिल्यापुढे सहा शून्यं, दुसऱ्यापुढे तीन शून्यं लावून कागदावर बेरीज केली की पूर्ण उत्तर हाती.

एक्सेलमध्ये ही संख्या टाइप केली की १२३४५६७८९८७६५४३०० अशी साठते. पंधरा अंकांनंतर एक्सेल शून्यं भरतं, आणि तेही न सांगता. सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो तो याच कारणाने. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच क्रमांक भरावा. नंतर बदलून गेलेला अंक परत येत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये १११११११११ चा वर्ग विचारला तर उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२०. एकाने कमी. तिथली साधी संख्या ५३ बिटांची अचूकता ठेवते, म्हणजे २ च्या ५३ व्या घातापर्यंत (९००७१९९२५४७४०९९२) प्रत्येक पूर्णांक नेमका साठतो. त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या साठतात. आपली संख्या नेमकी त्या पट्ट्यात आणि विषम. शेजारच्या ३२० आणि ३२२ ने संपणाऱ्या दोन सम संख्यांपासून ती सारख्याच अंतरावर आहे, आणि अशा बरोबरीत लागणारा नियम ३२० ची निवड करतो.

सी भाषेत १११११११११ साध्या ३२ बिटी ‘इंट’मध्ये आरामात मावतो, म्हणून पुष्कळांना धोका जाणवत नाही. गुणाकार मात्र त्याच ३२ बिटांत केला जातो आणि सर्वसाधारणपणे १६५३७३२५२९ हा आकडा समोर येतो: २ च्या ३२ व्या घाताने भागल्यावरची बाकी. उत्तर ६४ बिटी चलात ठेवल्याने हे सुधारत नाही, कारण चूक त्याआधीच झालेली असते. गुणण्यापूर्वी निदान एक संख्या ६४ बिटी करावी लागते.

‘ही संख्या पूर्ण वर्ग आहे का’ हे दशांशी वर्गमूळ काढून तपासणारा प्रोग्राम इथे हमखास फसतो. १२३४५६७८९८७६५४३२० चं खरं वर्गमूळ १११११११११ पेक्षा सुमारे ०.००००००००४५ ने कमी आहे. त्या परिसरात साठवता येणाऱ्या दोन शेजारी किमतींमधलं अंतर सुमारे ०.०००००००१५ आहे, म्हणून उत्तर थेट १११११११११ वर जाऊन बसतं आणि प्रोग्राम तिला पूर्ण वर्ग ठरवतो. ३२२ ने संपणाऱ्या शेजारणीचंही तेच. पायथन ३.८ पासून पूर्णांकी वर्गमूळ काढणारं वेगळं फंक्शन आहे, तेच वापरावं, आणि आलेल्या मुळाचा वर्ग करून मूळ संख्येशी ताडून पाहावा.

अवयव पाडणाऱ्या प्रोग्रामची परीक्षा घ्यायची तर याच्याइतका चांगला नमुना क्वचित मिळेल. लहान अवयवांनी भागत गेल्यावर ३ आणि ३७ संपले की उरते १११३३३६६६८८९, म्हणजे ३३३६६७ चा वर्ग. भाजकाचा वर्ग उरलेल्या संख्येपेक्षा ‘लहान’ असेपर्यंतच फेरी चालवली असेल तर ती ३३३६६७ च्या दारातून परत फिरते आणि १११३३३६६६८८९ ला मूळ संख्या म्हणून जाहीर करते. अट ‘लहान किंवा समान’ हवी. १२, ७२० अशा संख्यांवर हा दोष उघडा पडत नाही. शेवटी मूळ संख्येचा वर्ग उरेल अशीच संख्या लागते.

मध्ये १० घालून चढ-उतार एका पायरीने वाढवला तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मिळते. दिसायला सख्खी बहीण, पण ती कुणाचाही वर्ग नाही, तिच्यात १११ चे गट पडत नाहीत, आणि ती चक्क मूळ संख्या आहे. कागदावर ते दाखवायला साडेतीन अब्जांपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागावं लागेल, म्हणून हे काम संगणकी मूळत्व-चाचणीवर सोपवलेलं बरं. तिथेही चल निवडताना जपावं: चिन्हासकट ६४ बिटांची कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे आणि ही संख्या तिच्या पलीकडे जाते. चिन्हरहित ६४ बिटांत मात्र ती मावते.